काट्याचं वजन

बेकरीवाला टॅकोमीटर घेऊन आला त्या सकाळी मी दुकानात काहीच करत नव्हतो. काहीच न करण्यात गेल्या सात महिन्यांत माझा हात धरणारा कोणी उरला नव्हता. दिवा लावायचा, खुर्चीत बसायचं, समोरच्या फळीवरचे मीटर मोजायचे आणि एक वाजला की डबा उघडायचा. दुकान उघडं ठेवत होतो ते एवढ्यासाठीच, की घरी बसलो तर ताई समजूत घालायला येते. माझी मोठी बहीण समजूत घालायला बसली की जेवणाची वेळ झाली तरी उठत नाही.

माझा धंदा जुन्या गाड्यांच्या मीटरांचा, आणि त्यातही टॅकोमीटरचा. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारं हे गोल यंत्र असतं. भल्यामोठ्या इंजिनांच्या, दोन दारांच्या त्या जुन्या दांडगट गाड्या बाळगणारी माणसं स्वतःच्या रक्तदाबापेक्षा या काट्याची काळजी जास्त करतात. बेकरीवाला त्यांच्यातलाच. त्याच्या काळ्या गाडीला घरात सगळे 'म्हैस' म्हणायचे, कारण रंग तसा आणि पेट्रोल पिणंही तसंच. सहा वर्षं तो आणि त्याची मुलगी मिळून ती भंगारातली म्हैस उभी करत होते. पहाटे भट्टी, दुपारी म्हैस.

त्याने कागदात गुंडाळलेला मीटर टेबलावर ठेवला. काच फुटली होती आणि बाहेरच्या कड्याला पोचा आला होता. फक्त काच बदला, बाकी काही बघू नका, गाडी विकायचीय, असं तो म्हणाला. का विकायचीय ते मी विचारलं नाही, तरी त्याने सांगितलं. माणसं मला सगळं सांगत बसतात. माझं लक्ष नाही हे त्यांना फार उशिरा कळतं.

पण हे मी ऐकलं, कारण त्यात माझं काम होतं. हा मीटर मीच नऊ महिन्यांपूर्वी दुरुस्त करून दिला होता. त्यानंतर म्हशीचं इंजिन नव्याने बांधून झालं. नवं इंजिन पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवायचं असतं, म्हणून त्याने मीटरच्या काचेवर साडेतीन हजारांपाशी पांढरी चिकटपट्टी लावली आणि मुलीला बजावलं, काटा या पट्टीच्या पुढे गेला नाही पाहिजे. मुलगी हमरस्त्याने दोन तास गाडी घेऊन गेली आणि इंजिन जाम झालं. ती म्हणाली, काटा पट्टीच्या पुढे गेलाच नाही. हा म्हणाला, मग इंजिन काय उगाच जाम झालं? भट्टीवरच्या सगळ्या माणसांसमोर तो तिला खोटारडी म्हणाला. त्याच संध्याकाळी बॅग भरून ती मैत्रिणीकडे राहायला गेली. त्याला आता तीन महिने झाले होते. तिने फोन केला नव्हता आणि यानेही केला नव्हता. मीटर याने रागाने उपटून भिंतीवर मारला होता.

"मीटर तुमच्या हातचा," तो म्हणाला. "तो तर चुकायचा नाही. म्हणजे तीच खोटं बोलतेय ना?"

त्याला माझ्याकडून होकार हवा होता. मीटर बरोबर होता, मी स्वतः तपासला होता, एवढंच मी म्हणालो. ते खरंच होतं. त्याने मान हलवली, पण त्याचा चेहरा काही सैल झाला नाही. जाता जाता त्याने सांगितलं, की मीटर धरणारा पट्टा आहे त्याच कोनात ठेवा, इंजिनाची हद्द दाखवणारी लाल रेघ बरोबर डोक्यावर आली पाहिजे. शर्यतवाले मीटर असाच फिरवून बसवतात. आकडे वाचायची गरज पडत नाही. काटा सरळ उभा राहिला की गिअर बदलायचा. बघायला येणाऱ्या गिऱ्हाइकावर त्याची छाप पडते म्हणे.

आमच्या दुकानात दोन टेबलं आहेत. एक माझं, एक बायकोचं. एकतीस वर्षं आतली गुंडाळी, तारा आणि केसाएवढी स्प्रिंग मी बघत आलो, आणि डायल आणि काटा ती. उन्हाने काट्याचा केशरी रंग उडतो. तो खरवडून नवा द्यायचा असतो, पण एकच हात, तोही पातळ. कारण काट्याला मागे छोटी शेपटी असते आणि टोक आणि शेपटी यांचं वजन तोलून धरलेलं असतं. टोकाला रंग जास्त झाला की काटा जड होतो. मीटर टेबलावर आडवा असेल तर ते कळत नाही. उभा केला की जड काटा वर चढताना मागे राहतो. म्हणून मीटर आडवा आणि उभा असा दोन्हीकडून तपासायचा, असं मला शिकवलं होतं. मी फक्त आडवाच तपासायचो. तिच्या रंगाला वजनच नसायचं, मग उभा करून बघायचा तो कशाला?

ती गेली ती याच दुकानासमोर, सकाळी साडेदहाला. त्या दिवशी तिने केशरीऐवजी लाल काटा माझ्यापुढे ठेवला. महिन्याभरातली तिसरी चूक होती. माझं डोकं फिरलं. तसं ते फिरायला फार काही लागत नाही. "राहू दे," मी म्हणालो, "तुझ्याने होत नाही आता. घरी बस. मी बाहेरून करून घेतो." तिने ब्रश धुतला, फडक्याने पुसला, एप्रन खिळ्याला अडकवला. पाव संपलाय, घेऊन येते, म्हणाली आणि बाहेर पडली. चार मिनिटांत रस्त्यावर आरडाओरडा ऐकू आला.

समोरच्या दुकानांना माल टाकणारी गाडी होती. ड्रायव्हरने पोलिसांना दिलेला जबाब मला वाचून दाखवला गेला. बाकीचं काही माझ्या लक्षात राहिलं नाही. एक वाक्य राहिलं. "बाईंनी माझ्याकडे सरळ बघितलं आणि मग पाऊल पुढे टाकलं."

सगळ्यांनी त्याला अपघात म्हटलं. मीही म्हटलं. पण मला पक्कं माहीत होतं, की तिने गाडी बघितली आणि तरी पाऊल टाकलं. मी तिला जे बोललो त्यानंतर टाकलं. हे मी कोणाला सांगितलं नाही, ताईलाही नाही. तो ड्रायव्हर दोनदा दुकानात आला. पहिल्यांदा मी त्याच्या तोंडावर शटर ओढलं आणि दुसऱ्यांदा आत दबून बसलो. मग तो यायचा थांबला. मी रडलो नाही. लोक म्हणाले, खंबीर आहे. खंबीर कसला? दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग अर्धा जबडा आपला राहत नाही, तसा मी अख्खाच झालो होतो. आत कुठेतरी फक्त राग होता. एकतीस वर्षं संसार केला आणि एका वाक्यावरून सोडून गेली.

तर, मीटर. दुपारी मी नवी काच कापली, कडं सरळ केलं. कडं दाबून बसवायला मीटर स्टँडवर उभा लावावा लागतो. बेकरीवाल्याने सांगितलं होतं म्हणून त्याच कोनात लावला, लाल रेघ वर करून. मग हाताला लागलेल्या सवयीने टेस्टरच्या तारा जोडल्या. इंजिनाऐवजी टेस्टर मीटरला फेरे पुरवतो. मी साडेतीन हजारांवर ठेवला.

काटा दोन हजार नऊशेवर थांबला.

मीटर आडवा केला. काटा साडेतीन हजारांवर आला. पुन्हा उभा केला, पुन्हा दोन हजार नऊशे. मी चार वेळा तेच केलं. मग टेस्टर वाढवत वाढवत काटा साडेतीन हजारांवर आणला, तेव्हा टेस्टर बेचाळीसशे दाखवत होता. म्हणजे मुलीने काटा पट्टीवर ठेवला होता आणि इंजिन दोन तास बेचाळीसशेवर पळत होतं. ती खरं बोलत होती. मीटर खोटं बोलत होता आणि तो माझ्या दुकानातून गेला होता.

काटा उपसून मी छोट्या तराजूवर ठेवला. एकशे ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता, दोनशे चाळीस भरला. टोकाशी पात्याने जरासं खरवडलं, तर रंगाचे तीन थर दिसले. केशरी, त्याखाली केशरी, त्याखाली केशरी.

मला पहिल्यांदा आला तो राग. रिकाम्या दुकानात मी तिच्या स्टुलाकडे बघून मोठ्याने बोललो, की लक्ष कुठे असतं गं तुझं? सात महिन्यांत मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो आणि तेही खेकसून. मग तिच्या टेबलाच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. काम नसेल तेव्हा ती जादा काटे रंगवून ठेवायची. प्रत्येक काटा कागदाच्या पुडीत, पुडीवर तारीख. आणखी किती वाया घालवलेत ते बघावं म्हणून मी एकेक पुडी सोडून काटा तराजूवर ठेवायला लागलो.

दोन वर्षांपूर्वीचे काटे एकशे ऐंशी, एकशे एक्याऐंशी, पुन्हा एकशे ऐंशी. पुढच्या वर्षीचा एकशे पंच्याण्णव. मग दोनशे दहा. दोनशे तीस. पुडीगणिक आकडा वाढत होता, एकदाही खाली आला नाही. निष्काळजी माणसाचं काम असं नसतं. त्याचं कधी जास्त होतं, कधी कमी. हे चढत गेलं होतं.

मग पुड्यांवरच्या तारखांकडे माझं लक्ष गेलं. तिचं अक्षर मुंगीएवढं असायचं. मला वाचता येत नाही म्हणून मी कायम कुरकुर करायचो. पुड्या ओळीने मांडल्या तेव्हा दिसलं, की आकडेही पुडीगणिक मोठे होत गेले होते. शेवटच्या पुडीवर तारखेने अख्खी पुडी व्यापली होती. ते अक्षर मी त्या वेळीही बघितलं होतं. मला बरं वाटलं होतं, म्हटलं, बाईने शेवटी आपलं ऐकलं. त्या शेवटच्या पुडीतल्या काट्याच्या टोकाला रंगच नव्हता. तो मधेच गोळा होऊन वाळला होता.

ती एक हात द्यायची. तो तिला दिसायचा नाही, म्हणून दुसरा द्यायची. मग खात्रीसाठी तिसरा. तिला दिसत नव्हतं. दोन वर्षं तिचं दिसणं कमी कमी होत होतं, आणि मी तिच्यापासून दोन हातांवर, डोळ्याला भिंग लावून, स्प्रिंगचे वेढे मोजत बसलो होतो.

मी डबा बंद केला. घरी गेलो, जेवलो, झोपलोसुद्धा. खोटं कशाला सांगू, त्या रात्री माझा विचार गप्प बसायचा होता. काटा खरवडायचा, एक हात रंग द्यायचा, काच बसवून मीटर परत करायचा. गाडी विकली जाणार होती. आमच्या धंद्यात बायकोच्या काट्याचं नाव होतं आणि ती गेल्यावर ते नाव घालवायचं मला काही कारण नव्हतं. फक्त ती पोरगी खोटारडी राहिली असती. सकाळी दात घासताना मला ते बरं वाटेना. तोंड पुसून मी बेकरीवाल्याला फोन केला.

तो आला तेव्हा मी काही समजावत बसलो नाही. काटा होता तसाच परत बसवून ठेवला होता. मीटर आडवा केला आणि दाखवला. उभा केला आणि दाखवला. त्याने टेस्टरचा आकडा वाचला, काट्याचा वाचला, मग माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे ती..."

"पट्टीच्या पुढे गेली नव्हती," मी म्हणालो. "चूक आमची. काट्याला रंग जास्त झाला होता, आणि मी उभा करून बघितला नाही."

तो आईबहिणीवरून बोलेल अशी माझी तयारी होती. तो नुसता खाली बसला, नेमका माझ्या बायकोच्या स्टुलावर. सात महिन्यांत त्यावर कोणी बसलं नव्हतं. मी बसू दिलं. मग त्याने खिशातून फोन काढला, मुलीला लावला, तिने उचलला, आणि याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने फोन माझ्या हातात कोंबला.

मी तिला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. 

"काका," ती म्हणाली, "काकूंना रागावू नका हं. त्यांना नीट दिसत नाही. मी मीटर द्यायला आले होते ना, तेव्हा तुम्ही आत होतात. त्यांनी रंगाच्या डबीवरचं नाव मला वाचायला सांगितलं होतं. म्हणाल्या, यांना सांगू नकोस, उगाच काम बंद करतील माझं."

बायको गेल्याचं त्या मुलीला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

"नाही रागावणार," मी म्हणालो आणि फोन तिच्या बापाला दिला.

मी मागच्या खोलीत गेलो. त्यांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. तो खूप वेळ नाक शिंकरत होता एवढं ऐकू आलं. नंतर त्याने आत डोकावून सांगितलं, की काटा नीट करून ठेवा, ती स्वतः येऊन घेऊन जाईल, बसवणारही तीच. गाडी विकायचं काय झालं ते मी विचारलं नाही.

तो गेला. मी रंगाची डबी उघडली आणि पुन्हा बंद केली. पोरीला दहा मिनिटांत जे दिसलं ते मला दोन वर्षांत दिसलं नाही, याची लाज वाटत होती. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. बायको त्या मुलीला म्हणाली होती, काम बंद करतील. आणि त्या सकाळी मी नेमकं तेच केलं होतं. दिसत नव्हतं म्हणून गेली, की मी बोललो म्हणून? काटे तोलून ते कळणार नव्हतं. ते एकाच माणसाला माहीत होतं.

घड्याळात साडेदहाला पाच कमी होते. मालाची गाडी रोज याच वेळी येते. आता ड्रायव्हर ती आमच्यासमोर लावत नाही. पार टोकाला, औषधांच्या दुकानापुढे लावतो आणि तिथून क्रेट उचलून आणतो. ते मी रोज काचेतून बघायचो. मी चप्पल घातली आणि रस्ता ओलांडला. मला येताना बघून त्याने हातातला क्रेट खाली ठेवला आणि डोक्यावरची टोपी काढली. तिशीचा असेल. मी मारायला आलोय असंच त्याला वाटलं असणार.

"त्या दिवशी," मी म्हणालो, "तिने तुमच्याकडे बघितलं म्हणालात. कसं बघितलं?"

 तो म्हणाला, "तेच सांगायला आलो होतो, काका. दोनदा."

"कसं बघितलं?" मी पुन्हा विचारलं.

"डोळे बारीक करून बघत होत्या. लांबची पाटी वाचावी तसं. बघतायत म्हणून मी हॉर्न दिला नाही. मग त्यांनी हात केला, 'थांबा' म्हणून, आणि फुटपाथवरून खाली उतरल्या. पण हात माझ्याकडे नव्हता केला, काका. बाजूला केला होता. तिकडे कोणीच नव्हतं."

तिने हात कसा केला होता ते त्याने करून दाखवलं. पंजा उघडा, थोडा पुढे, मान किंचित झुकलेली. ती असंच करायची. भाजीवाल्यालाही असाच हात करायची, 'आले हं, थांबा' म्हणून. ज्याला मरायचं असतं तो गाडीला थांबा म्हणत नाही. तिला पलीकडे जायचं होतं. पाव घेऊन परत यायचं होतं.

मी त्या ड्रायव्हरच्या दंडाला धरलं. त्याने क्रेट उलटा करून मला त्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी उभा राहिला. लोक बघत होते, बघू देत. ती मला सोडून गेली नव्हती. ती नुसती मेली होती, आणि ती मेल्याचं दुःख मला सात महिन्यांत पहिल्यांदाच झालं.